माईच्या डोंगरावर, सुन्याच्या मागे मागे

"डोंगर चढायचा अन् वरतीच मुक्काम करायचा," असं सुन्यानं जाहीर केलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरले विचारलं का?"

"विचारलं. हळूहळू चढा म्हनते."

"अन् वहिनीले?"

"ते म्हने, पम्या सोबत असंन तर जा."

झालं! म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्याच गळ्यात. पावसाळ्यात सुन्याच्या हृदयात स्टेंट बसवली. तेव्हा छातीत कळ आल्यावर त्यानं बायकोच्या आधी मला फोन केला होता, आणि मंगरूळपीरहून अकोल्यापर्यंत गाडी मीच हाणली होती. तो बरा झाला, दुकानावर बसायला लागला, पुन्हा आधीसारखा वाद घालायला लागला. माझं मात्र काहीतरी तिथंच अडकलं. फोन उशाखाली घेऊन झोपायचो, आणि वाजला की ताडकन उठून बसायचो. बायको म्हणायची, "झटका त्यायले आला का तुमाले?"

तरी निघालो. सुन्या, मी आणि रफिक, आम्ही तिघं शाळेपासूनचे. दोन मोटारसायकली, एक मागून आणलेला तंबू. शेलूबाजार, मालेगाव, मेडशी असा रस्ता. हमरस्ता चांगला आहे, शेवटचा शेतातला तुकडा मात्र कंबर मोडतो. गाडी नसेल तर एसटीनं मेडशीला उतरा आणि पुढं ऑटो ठरवा. जऊळक्याजवळ चहा प्यायलो. सुन्यानं भजी मागवली, मी प्लेट माझ्याकडे ओढली. त्यानं रफिकच्या प्लेटमधली उचलून खाल्ली.

आमच्या जिल्ह्यात डोंगर म्हणजे काही सह्याद्री नव्हे. कुणी विचारलं तर "टेकडीच ना ती?" म्हणतील. म्हणू द्या. जंगल दाट आहे, अस्वलं आहेत, आणि चढ छातीवर येतो. नकाशावर त्याला नाव नाही. पायथ्याची माणसं माईचा डोंगर म्हणतात, कारण अगदी माथ्यावर, झेंड्याखाली, शेंदूर लावलेली माई बसली आहे.

पायथ्याशी दुर्गाबाईंचं शेत. तूर फुलावर आली होती. गाड्या त्यांच्या गोठ्याशेजारी लावल्या. बाई बोलायला मोकळ्या, हातात विळा तसाच.

"पानी इथूनच भरून घ्या, वर थेंब नाई. अन् जाळ करू नका बाप्पा, गवत वाळलं हाये. नवसाचे हा का?"

"नाई मावशी, फिरायले आलो," मी म्हणालो.

"मंग बरं. नवसाच्या मानसाचं लय कडक असते. वरच्या सपाटीपासून पुढं अनवानी चढा लागते, अन् नारळ फुटेपर्यंत तोंडातून शबुद काढा लागत नाई. बोलला की खाली उतरून पुन्हा पयल्यापासून."

रफिक हसून म्हणाला, "पम्याले तर जमनारच नाई मावशी. हा पाच मिनटं चूप बसत नाई."

सुन्या हसला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्याची बॅग उचलून बघत होतो. जड होती.

"काय भरलं बे एवढं?"

"खायचं हाये. ठेव खाली."

बॅग मी घेतो म्हटलं तर देईना. चढायला लागलो. सागाची वाळकी पानं पायाखाली एवढी वाजतात की पुढचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नाही. कुसळं मोज्यांतून आरपार टोचतात, लांब पँट घालाच. मी सुन्याच्या मागे. त्याची मान बघत होतो, घाम बघत होतो, श्वास ऐकत होतो. थांबला की विचारायचो, "दुखून राह्यलं का?" आणि नाही थांबला की, "थांब ना बे जरा!"

शेवटी तो गर्रकन वळला. "मले दम नाई लागून राह्यला. तूच मले दम लावून राह्यला!"

"यार, पेशंट कोन हाये तेच समजत नाई," रफिक खालून ओरडला.

माथ्याच्या थोडं खाली सपाट जागा आहे, तंबूला उत्तम. भाकरी, झुणका आणि ठेचा घरूनच नेला होता. जाळ करायचा नाही म्हटल्यावर तेच बरं. समोर लांबवर अकोल्याचा रस्ता, त्यावर ट्रकांचे दिवे. रफिकला ते दृश्य फार आवडलं. मला नाही. त्याच रस्त्यानं मी मागच्या सीटवरचं सुन्याचं कण्हणं ऐकत गाडी चालवली होती, आणि घाटात ते कण्हणं थांबलं तेव्हा मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नव्हती. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आता इथं लिहितोय.

मोबाइलला रेंज नव्हती. सुन्याच्या गोळ्या माझ्या खिशात, जिभेखालची वेगळी. तो घोरत होता आणि ते घोरणं मी ऐकत पडलो होतो. कधी डोळा लागला कळलं नाही.

उठलो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. सुन्याची जागा रिकामी.

आधी वाटलं, लघवीला गेला असेल. मग दिसलं, त्याचे बूट तंबूच्या दाराशी होते. मोबाइल पांघरुणावर. बुटांशिवाय माणूस जंगलात कुठं जाईल?

"सुन्या! ए सुन्या!"

काही नाही. रफिक धडपडत उठला आणि खालच्या बाजूला पळाला. मी वर. कुसळं, काटे, काही बघितलं नाही. मध्येच वर पानं वाजली. "सुन्या, तू हाये का? ओ तरी दे ना बे!" पानं थांबली. मग पुन्हा वाजली. माणूस असता तर ओ दिली असती. अस्वल असेल, असंही मनात येऊन गेलं. त्याहून वाईट, तो पडला असेल आणि त्याला बोलता येत नसेल. वहिनीला काय सांगू? एवढा एकच प्रश्न डोक्यात.

माथ्यावर पोचलो आणि खाड् आवाज आला.

सुन्या माईपुढं उभा, अनवाणी, हातात फुटलेला नारळ. तळपाय रक्ताळलेले. मला बघून हसला. "काय बोंबलून राह्यला बे? सगळं आयकू येत होतं. पन बोलता येत नाई ना!"

मी त्याला शिव्या घातल्या. देवीसमोर, पोटभर. मग खाली बसलो आणि रडायलाच लागलो.

"सांगाचं नाई तुले? नवस तुह्या तब्येतीचा, अन् जीव माहा जाते!"

"माह्या तब्येतीचा नाई." तो शेजारी टेकला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातात दिला. "दवाखान्यातून आनत होता तू मले. गाडी कमी चालवत होता अन् आरशात मलेच जास्त पाहून राह्यला होता. हा झेंडा दिसला रस्त्यावरून. म्हटलं, माई, मले तं वाचवलं, आता ह्या येड्याची भीती काढ. मी अनवानी पायानं येईन."

मी खोबरं खाल्लं. तेवढ्यात रफिक धापा टाकत वर आला, आम्हाला शेजारी शेजारी बसलेलं बघितलं आणि म्हणाला, "दोघं बी मरा."

उतरल्यावर दुर्गाबाईंनी सुन्याचे पाय बघितले, हळद लावायला दिली. कशाचा नवस ते कळल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "मंग गेली का भीती?"

"नाई मावशी," मी म्हणालो.

"अवं बाप्पा! नवस फळल्यावर फेडतेत. आंधीच कोनी फेडते का?"

सुन्या ओशाळला. "मले वाटलं, आंधी दिलं तं लवकर होईन."

घरी आलो. कुणी विचारेल, काय राहिलं लक्षात? पहाटेची ती वाट. जायचंच असेल तर हिवाळ्यात जा, पाणी न्या, आणि सोबतच्या माणसाला रात्रीच विचारून घ्या, नवस बोललाय का.

पुढच्या रविवारची दुपार. फाटक कुणीतरी जोरजोरात बडवत होतं, त्यानं मी जागा झालो. बाहेर सुन्या. घामाघूम, पायात चप्पल नाही.

"फोन काहून उचलत नाई बे? किती खेपा लावला! वैनीचाई लागत नाई! मले वाटलं..."

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. बायको माहेरी गेलेली. आणि मी जेवून आडवा झालो होतो, तो थेट आत्ता उठत होतो. उशाखाली फोन न ठेवता.

"झोपलो होतो," मी म्हणालो.

"झोपला होता?" त्यानं पुन्हा विचारलं. "गाढ?"

"गाढ."

तो मटकन पायरीवर बसला. हसत होता, पण सारखा वळून माझ्याकडेच बघत होता. मी पाणी आणून दिलं, त्याच्या नाडीवर बोट ठेवायचा मोह आवरला आणि शेजारी बसलो. माझी भीती गेली होती, पण फार लांब गेली नव्हती.

आता माईकडे नवस मी बोललोय, सुन्यासाठी. नारळ मात्र फळल्यावरच फोडीन.