पाड्यावरची हाळी आणि माझा हट्टी कोड

मंडळी, आज दुपारी जव्हारच्या खोलीत मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. कारण ऐका.

साखरशेतच्या बायकांचा गट नाचणीचे लाडू विकतो, त्यांचं ऑर्डर घेणारं वेबपान मी बनवलंय. त्यात पब्लिश-सबस्क्राइब नावाची लायब्ररी, म्हणजे आयता तयार कोड, वापरली. तिच्यात कोडचा एक भाग "ऑर्डर आली" असं जाहीर करतो आणि ज्यांना गरज आहे ते भाग ऐकून आपापलं काम करतात. कोणी कोणाच्या कामात हात घालत नाही.

सकाळी गट चालवणाऱ्या सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊ, माझ्याकडे पान बंद असताना आलेली ऑर्डर नंतर उघडल्यावर दिसतच नाय. बायका म्हणतात, ऑर्डर घ्यायला फोनच बरा."

लायब्ररीला शिव्या घालून झाल्या. मग आमच्या पाड्यावरची रीत आठवली. समोरच्या टेकडीवर निरोप द्यायचा तर आधी नुसती नावाने हाळी द्यायची. पलीकडून "ओ" आला की मगच निरोप सांगायचा.

माझा कोड "ओ"ची वाटच बघत नव्हता. पान उघडताच तो साठलेल्या ऑर्डरी जाहीर करायचा आणि सूचना दाखवणारा भाग त्यानंतर सबस्क्राइब व्हायचा. ऐकायला कोणी नसताना ओरडून काय उपयोग?

सबस्क्राइबची ओळ वर नेली, बस.

थोड्या वेळाने वहिनींचा पुन्हा फोन. "सगळ्या दिसल्या. आता पानावरचा माझा फोन नंबर काढून टाका."

तेव्हा टाळ्या वाजल्या. तुमचा कोड बोलण्याआधी "ओ" ऐकतो का?