उष्टावणाची वाटी

सदर बाजारातल्या त्या म्हाताऱ्या काताऱ्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. कुजक्या लाकडाच्या वाट्या विकणारा माणूस सरळ कसा असेल? बुरशीने लाकडात ओढलेल्या काळ्या रेघा तो गिऱ्हाइकांना नक्षी म्हणून दाखवायचा. लाकूड इतकं भुसभुशीत, की त्यात नख रुतायचं. ते तो बरणीतल्या रेझिन नावाच्या रसायनात बुडवायचा, पंपाने हवा ओढायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत बरणीला कान लावून बसायचा. मग भट्टीत तापवलं की तेच लाकूड टणक. आणि वर पाटी काय, तर 'शुद्ध लाकूड'!

त्या दिवशी एक ताई लेकीच्या उष्टावणासाठी वाटी निवडून राहिली होती. मी मध्ये पडलोच.

"भैया, आत केमिकल भरलंय, हे ताईंना सांगितलं काहून नाही?"

"पूछा किसने?" लेथवरचा भुसा फुंकत तो म्हणाला.

"तुमच्या नातवाला यात खीर द्याल?"

त्याचं फुंकणं थांबलं. त्याने ताईच्या हातातली वाटी काढून घेतली. "दीदी, ये सजाने की है. खाने की नहीं." मग फळीवरून साध्या शिसमाची दुसरी दिली.

ताई माझ्यावरच उखडली. "तीच किती सुंदर होती हो!" मग त्याला म्हणाली, "हिच्यात तर काही भरलं नाही ना?"

त्याने त्या वाटीत पाणी ओतलं आणि घटाघट पिऊन दाखवलं.

ताईचं समाधान झालं. माझं नाही. कोणी टोकल्याशिवाय खरं न बोलणारा माणूस आज बोलला. उद्याच्या ताईशेजारी मी थोडाच उभा असणार?