झेलबादाची बातमी

बेसबॉलचा सामना कव्हर करायला निघालेल्या एका मुलीनं परवा मला विचारलं, “मॅडम, तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा काय तयारी केली होती?” मी म्हटलं, नवा रुमाल घेतला होता. ती हसली. मी थट्टा करत नव्हते. रुमाल आणि वही याखेरीज त्या दिवशी माझ्याकडे खरंच काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मुलुंडहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी वार्ताहर होते. तुंबलेली गटारं, न येणारं पाणी आणि गणेश मंडळांची भांडणं हे माझे विषय. खेळाचं पान बघणारे गृहस्थ काविळीनं आडवे झाले, म्हणून संपादकांनी मला रविवारी घाटकोपरला जायला सांगितलं. दोन क्लबांचा बेसबॉलचा सामना होता. या खेळावर पोट भरणारं आपल्याकडे तेव्हा कुणी नव्हतं. त्या मैदानात पगारी अशी मी एकटीच असणार होते.

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” मी म्हटलं.

“अगं, क्रिकेटसारखंच असतं. बॅट, बॉल, रन. निकाल घे, चार नावं घे आणि ये. आणि कुणाला काही विचारत बसू नकोस. वार्ताहर बावळट दिसला की पेपरची लाज जाते.”

हा सल्ला मी पदराला गाठ मारून घेतला. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

मैदानावर पोचले तर एक तरुण माझी वाटच बघत होता. भांडुपला राहणारा, विशीतला. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली होती आणि घरात कमावणारं कुणी नव्हतं, हे त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. येत्या शुक्रवारी एका कचेरीत त्याची मुलाखत होती, खेळाडूंच्या राखीव जागेसाठी.

“सर्टिफिकेटं आहेत ताई, पण साहेब लोक विचारतात, एवढा खेळतोस तर पेपरात कसं येत नाही? तुमचा पेपर गुरुवारी निघतो ना? माझं नाव तेवढं टाका. एक कात्रण लागलं फाईलला की काम झालं.”

“टाकते की,” मी म्हटलं. नाव टाकायला काय लागतं, असं मला वाटलं होतं.

मग सामना सुरू झाला आणि माझी वाट लागली. फक्कीनं एक तिरका चौकोन आखला होता आणि त्याच्या कोपऱ्यांवर वाळू भरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या होत्या. स्टंप कुठंच नव्हते. पहिल्यानं चेंडू मारला आणि बॅट फेकून पळत सुटला. मला वाटलं, भांडण झालं. दुसऱ्यानं एकही चेंडू मारला नाही, नुसता उभा राहिला आणि थोड्या वेळानं रमतगमत पहिल्या पिशवीवर जाऊन थांबला. त्याला कुणी अडवलंही नाही. ‘हा का गेला?’ असं मी वहीत लिहिलं. पुढच्या पानांवर नुसतेच ‘का?’ आहेत. शेजारी गुणलेखक बसला होता, पण त्याच्या कागदावर रांगोळीसारखे ठिपके नि चौकोन होते, आणि त्याला विचारायचं तर पेपरची लाज.

शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीत होते. भांडुपचा तो तरुण बॅट घेऊन आला. तिसऱ्या पिशवीवर त्यांचाच एक गडी उभा होता. यानं चेंडू असा उंच आणि लांब मारला की मीसुद्धा उभी राहिले. पार टोकाच्या क्षेत्ररक्षकानं तो झेलला. गेला, मी म्हटलं. आणि दुसऱ्या क्षणी तिसऱ्या पिशवीवरचा गडी फलंदाजाच्या जागेवर पळत आला, त्याच्या संघानं आरडाओरडा करत एकमेकांना उचललं आणि सामना संपला. आपला गडी बाद झाल्यावर हे नाचतात कशाला? वहीत लिहिलं, ‘झेल. तिसरा पळाला. सगळे खूश. का?’

सोमवारी लिहायला बसले तेव्हा जे कळलं नव्हतं ते मी गाळलं. बाकी उरलं ते क्रिकेटच्या भाषेत बसवलं. छापून आलं ते असं: ‘मोक्याच्या क्षणी त्याने बेजबाबदार फटका मारून सोपा झेल दिला. संघाचे नशीब बलवत्तर म्हणून विजय हाती आला.’ त्याआधी त्याचं पूर्ण नाव, अगदी शुद्ध.

गुरुवारी दुपारी तो अंक घेऊन कचेरीत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या टेबलावरच्या पेपरवेटला पिशवी मानून मला समजावून सांगितलं.

“झेल घेतल्यावर तिसऱ्यावरचा पळू शकतो ताई. कोचनं मला खूण केली होती, लांब उंच मार, तू गेलास तरी चालेल. मी गेलो म्हणून तो आला. तोच जिंकायचा रन.”

मी अंक घेऊन संपादकांकडे गेले. संपादक म्हणाले, “पुढच्या अंकात खुलासा टाकू.” पुढचा अंक पुढच्या गुरुवारी, आणि मुलाखत उद्या.

शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेले. शिपाई आत सोडेना, मी हुज्जत घातली. टेबलापलीकडे तीन साहेब होते आणि ते कात्रण त्यांच्यासमोरच होतं. त्यानंच ते फाईलला लावलं होतं; म्हणाला होता, नाही लावलं तर पेपरात काहीच आलं नाही असं म्हणतील. मी सांगितलं, हे मी लिहिलंय आणि हे चुकीचं आहे, हा मुलगाच त्या दिवशी जिंकून देणारा होता.

मधले साहेब चष्मा काढून म्हणाले, “बाई, खेळ कळत नव्हता तर मैदानात कुणाला विचारलं का नाहीत?”

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“लाज वाटली,” मी म्हटलं.

ती नोकरी त्याला मिळाली नाही, हे पंधरा दिवसांनी कळलं. कात्रणामुळेच गेली की ती जागा आधीच दुसऱ्या कुणाची ठरली होती, हे मला आजवर समजलेलं नाही, आणि न समजल्यानं माझं ओझं तसूभरही कमी झालेलं नाही. त्या शुक्रवारी आम्ही जिना उतरून खाली आलो. रस्ता ओलांडताना तो म्हणाला, “मला तरी विचारायचं होतंत ताई. सामना संपल्यावर मी तुमच्या शेजारच्या बाकड्यावरच तर येऊन बसलो होतो.”