बिटर्सचे चार थेंब
काढ्यात संत्र्याची साल आणि लवंग एकत्र उकळली, की नारायणगुड्यातला तो बार आठवतो, जिथं मी कॉकटेल बनवायला होते. दर शनिवारी संध्याकाळी चार-पाच रिटायर्ड दोस्त तिथं जमायचे. त्यांच्यातले काचीगुड्याचे एक काका मराठी. पहिल्याच दिवशी काउंटरपाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरी, माझ्या ग्लासात दारू नको. सोडून अकरा महिने झाले. ह्यांना मात्र कळू देऊ नको, उगाच मस्करी करतात." तेव्हापासून मी त्यांना संत्र्याचा रस, आलं आणि सोडा इतरांसारख्याच ग्लासात द्यायचे. एका शनिवारी चव फिकी वाटली म्हणून मी वरून बिटर्सचे चार थेंब टाकले. साली, मुळ्या, लवंगा मुरवलेला तो कडू अर्क आम्ही मीठ-साखरेशेजारी ठेवायचो, त्याला कुणी दारूत धरायचं नाही. पण तो मुरतो कडक दारूतच. काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "क्या हुआ मियाँ?" एका दोस्तानं विचारलं. ते वाकून ग्लास हुंगू लागले, आणि तो अर्क कशात मुरतो ते माझ्या लक्षात आलं. मी धावत गेले. "काका, चुकलं माझं, दुसरा आणते." त्यांनी ग्लासावर हात ठेवला. "राहू दे." मग सावकाश तो संपवला, रिकामा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता खरी आण." मी आणली. त्या चार थेंबांना मी आजही चूक म्हणते. दुसरा ग्लास मात्र मी मापानं भरला होता.