घरवाल्याले घेऊन येजो

धाकटी अंगणवाडीत जायला लागली त्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. तांबी बसवलेली होती, तरी. आष्टीजवळच्या आमच्या गावात मी घरीच ब्लाऊज शिवत असे. नवरा हिंगणघाटहून कापसाच्या गाठी भरून दक्षिणेकडे ट्रक नेत असे आणि हंगामात आठवडेच्या आठवडे घरी नसे. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तिसरं आपल्याच्यानं होनार नाई, तू म्हनशील तसं कर. मला वाटलं, अर्धं काम झालं.

सासूबाईंना सांगायचं नव्हतं. दोन मुलींवर त्यांना नातू हवा होता. घरात फक्त मोठ्या जाऊबाईंना सांगितलं.

आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टरनं मुलं किती विचारलं. दोन मुली म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला.

"सोनोग्राफी कुठं करून आली?"

मी म्हटलं, कुठंच नाही. तिनं तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. मला मूलच नको, मुलगा असो की मुलगी, हे तिला पटेना. शेवटी म्हणाली, हे करणारे डॉक्टर इथं नाहीत, वर्ध्याला जा. बाहेरच्या मेडिकलवाल्यानं तर माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. मूल पाडायच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही, चौकशा मागं लागतात, म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

जाऊबाईंचे डोळे दाखवायचे आहेत असं घरी सांगून आम्ही दोघी वर्ध्याला निघालो. आर्वी येईपर्यंत मी दोनदा ओकले. मोठ्या दवाखान्यात सकाळ रांगेतच गेली. तिथं पहिल्यांदा सोनोग्राफी झाली. तांबी कधीच पडून गेली होती, मला पत्ताही नव्हता. दिवस थोडेच होते. मुलगा की मुलगी हे इतक्यात कुणालाही दिसलं नसतं. तरी दोन मुलींचं ऐकून तिथल्या तरुण डॉक्टरांनीही तेच विचारलं. पुढच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, "घरवाल्याले घेऊन येजो. त्याची सही लागते."

मी तिथंच नवऱ्याला फोन लावला आणि बाईंसमोर धरला. तो कुठल्याशा ढाब्यावर होता. मागून गाड्यांचे आवाज येत होते, तो हॅलो हॅलो करत राहिला. बाईंनी फोन हातात घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे आता. पोरगा झाला तं सुटशील तरी."

त्या वाईट नव्हत्या, दमल्या होत्या. मीही दमले होते. पुढचे काही दिवस मी मनात जवळजवळ मान्यच करून टाकलं होतं. तिसरं मूल हवं झालं म्हणून नव्हे. पुन्हा बसमध्ये बसायचं, पुन्हा त्याच प्रश्नांना तीच उत्तरं द्यायची, याचं बळ नव्हतं. मग एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या उमासे यायला लागले, धाकटी मांडीवर चढायला रडत होती, आणि मला कळलं की माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी एकटीच पुन्हा वर्ध्याला निघाले.

त्या दिवशी वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझं वय विचारलं, कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुझी सही पुरे. नवऱ्याची लागतच नाही."

आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "मंग त्या दिवशी काऊन परत पाठवलं मले?"

त्यांनी वर पाहिलं. "बस तिकडं," म्हणाल्या, तेही मऊ आवाजात.

पहिली गोळी त्यांनी समोरच दिली, बाकीच्या घरी कशा घ्यायच्या ते समजावलं. घरी पोट फार दुखलं. जाऊबाईंनी माझ्या वाटणीचा स्वयंपाक उरकला. मी सासूबाईंना पाळी आल्याचं सांगितलं. त्यांनी ओव्याचं पाणी करून दिलं आणि शेजारी बसून राहिल्या. त्यांना कळलं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही.

पुढं नवरा आला. पाय धुता धुता त्यानं हळूच विचारलं, झालं का?

"झालं," मी म्हटलं. त्याला आणखी काही विचारायचं होतं. पण मला सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला होता. मी त्याला जेवायला वाढलं आणि भर दुपारी जाऊन झोपले.