पाचव्या खोलीतला रुग्ण

ओसाकाच्या एका मेडिकल कॉलेजात परीक्षेच्या दिवशी वफीकची छाती सकाळपासून दुपारपर्यंत बारा वेळा दुखायची. प्रत्येक वेळी डाव्या बाजूला, आठ दिवसांपासून. विद्यार्थ्यांनी नेमके प्रश्न विचारून दुखणं ओळखायचं आणि वफीकने बाराही जणांसमोर अगदी सारखंच विव्हळायचं. तसं झालं नाही तर परीक्षा न्याय्य कशी होणार?

कैरोत त्याची ख्याती नेमकी उलट होती. रंगभूमीवर त्याने एकच प्रवेश दोनदा सारखा कधी केला नाही, म्हणून लोक पुन्हा पुन्हा तिकिटं काढायचे. रमजानमध्ये टीव्हीवर लागणाऱ्या मालिकांत तो सुलतान झाला, न्यायाधीश झाला. मग पिरॅमिडचा अभ्यास करायला आलेल्या जपानी योशिएशी लग्न केलं आणि चाळिशीत इथे आला. इथल्या जाहिरातींना हवा होता फेटा बांधून करी ढवळणारा भारतीय. वफीकने आयुष्यात फेटा बांधला नव्हता. तरी अकरा वर्षं करी ढवळली.

त्यामुळे परीक्षेसाठी खोटा रुग्ण होण्याचं काम मिळाल्यावर तो नव्याने जगू लागला. योशिए कांदा चिरता चिरता त्याची तालीम घ्यायची.

"कधीपासून दुखतंय?"

"आठ दिवस झाले."

"आज जास्त दुखलं. कमी कर."

"अगं, सुलतान मरतानासुद्धा मला कोणी कमी कर म्हटलं नव्हतं!"

"सुलतानाच्या मरणावर कुणाची परीक्षा नव्हती. पुन्हा."

एका परीक्षेच्या दिवशी वफीकच्या पाचव्या खोलीत नववी विद्यार्थिनी आली. तन्वी. आईवडील मुंबईचे, मुलगी वाढलेली इथलीच. तिने नम्रपणे वाकून नाव सांगितलं, प्रश्न सुरू केले. सगळं ठीक चाललं होतं. मग वफीकचं संहितेतलं वाक्य आलं, "घरी सांगू नका. त्यांना काळजी नको." इथे खाली पाहायचं, एवढंच लिहिलं होतं. पण वफीकला आई आठवली. तिनेही शेजाऱ्यांना हेच बजावलं होतं, म्हणून तो कैरोला पोचला तो ती गेल्यावर चौथ्या दिवशी. त्याचा आवाज फुटला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

तन्वीने पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या हातावर हात ठेवून बसली. घंटा वाजली तेव्हा तिचे पाच प्रश्न विचारायचेच राहिले होते.

"नापास होणार ही," तिचा अर्धवट कागद पाहून बाहेर मोरीता-सान परीक्षकांना म्हणाल्या. परीक्षेची सगळी व्यवस्था त्याच पाहायच्या. "वर्ष जाणार बिचारीचं."

प्रत्येक रुग्णाला शेवटी एक फॉर्म भरावा लागे. 'संहितेपेक्षा वेगळं काही केलंत का?' त्याने 'हो' लिहिलं की त्या विद्यार्थ्याची परीक्षा पुन्हा. पण दोनदा 'हो' आलं की रुग्णाचं नाव यादीतून जायचं, आणि वफीकचं एक 'हो' मागच्या वर्षीच होऊन बसलं होतं. या कामानंतर फेट्याखेरीज काहीच उरत नव्हतं.

त्याने फॉर्म पुढे ओढला. कैरोत नटाची चूक कधीच नसते. प्रकाशवाल्याची असते, फार तर समोरच्या नटाची. तीस वर्षं तो हेच सांगत आला होता.

"वफीक-सान, तुमचाच राहिलाय," मोरीता-सान दारातून म्हणाल्या.

त्याने 'हो' वर गोल केला. खाली लिहिलं, 'नवव्या वेळी मी रडलो. तिची चूक नाही.'

मोरीता-साननी वाचलं. "लिहिलंच नसतं, तर आम्हाला कळलंही नसतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मलाही तेच वाटलं," वफीक म्हणाला.

घरी येऊन त्याने जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर संहिता ठेवली आणि सुतळीने बांधायला घेतली. उद्या कागदाचा कचरा न्यायला येणार होते. योशिएने ते पाहिलं. ती कांदा चिरतच होती.

"कधीपासून दुखतंय?" तिने विचारलं.

वफीकने गाठ मारली. "आजपासून."

या वेळी तिने कमी कर म्हटलं नाही.