बायकोचे मामा आणि माझी बेंबी

आयुष्याचा निम्मा भाग हात धुण्यात घालवलेला, माझ्या बायकोच्या मामांसारखा दुसरा माणूस नर्मदेच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडायचा नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर तर सगळेच धुतात. मामा वर्तमानपत्र वाचण्याआधी धुतात, वाचून झाल्यावर धुतात आणि मधल्या पानावर राजकारण आलं तर उठून पुन्हा एकदा धुतात. त्यातही पाणी वाहतं हवं. आमच्या लग्नात घरच्यांचा फोटो पाऊण तास खोळंबला होता, कारण पेढा खाल्ल्यावर मामांसमोर कोणीतरी बादली आणि तांब्या ठेवला आणि ते रागावून नळ शोधायला गेले ते थेट शेजारच्या शाळेत सापडले. "बादलीतलं पाणी म्हणजे जंतूंची धर्मशाळा," ते मला म्हणाले होते. माझी त्यांची ती पहिली ओळख. "पाणी वाहतं पायजे जावईबापू. बहता पानी निर्मला." जबलपुरात जन्मलेल्या आणि नर्मदेला मैया म्हणणाऱ्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मी बदलीवर इथे आल्यावर लवकरच शिकलो.

तीसेक वर्षं ते एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतूंचं काम करत होते. पू, थुंकी, रक्त, जे येईल ते काचेच्या प्लेटवर लावायचं आणि उबेत ठेवून काय उगवतं ते पाहायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाले पण डोकं तिथेच राहिलं. गावातल्या चेरीताल भागातल्या त्यांच्या घरी दह्याच्या वाटीवर तारखेची चिठ्ठी असते, आणि दह्याला बुरशी आली तरी मामींना ती वाटी फेकता येत नाही. मामा ती रोज उजेडात धरून बघतात, एखाद्याने नातवाची प्रगती बघावी तसे. पंगतीत श्रीखंड वाढलं जात असताना पुवाचे रंग आणि त्यांचे अर्थ समजावणं हा त्यांचा आवडता छंद. त्यामुळे त्यांच्या शेजारचं पान नेहमी रिकामं असतं आणि ते उशिरा आलेल्या जावयाच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला येतं. घाई केलेली त्यांना खपत नाही. "दोन दिवसात उगवला नाही म्हणून जंतू नाही, असं नसते," ते म्हणतात. "काही जंतू सरकारी नोकरीतले असतात. आपल्या वेळेनं येतात."

यातलं काहीही मी कधी मनावर घेतलं नव्हतं. मग माझ्या पित्ताशयात खडे निघाले. एका छोट्या नर्सिंग होममध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी आलो, टाके सुकले, लोकांनी अभिनंदन केलं. महिन्याभराने दुर्बिणीसाठी बेंबीजवळ पाडलेलं भोक पुन्हा उघडलं. दुखायचं फारसं नाही, तापही नाही, नुसतं पाझरत राहायचं. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं, मग जखम उघडून खरवडली. ती आठ दिवस शहाण्यासारखी वागली आणि नवव्या दिवशी शर्टावर परत तोच पिवळा डाग. असे तीन महिने गेले. आजाराचा एक थकवा असतो आणि बरं न होण्याचा दुसरा असतो, आणि दुसरा फार वाईट. ऑफिसात लोक आधी चौकशी करायचे, मग सल्ले द्यायला लागले, मग विचारायचेच बंद झाले. पाच वर्षांची मुलगी धावत आली की मी दोन्ही हातांनी पोट झाकायचो. काही दिवसांनी तिने धावत येणं सोडून दिलं.

चौथ्या महिन्यात मामांनी ड्रेसिंग आपल्या हातात घेतलं. रोज सकाळी आठला स्कूटर लावायचे आणि न्हाणीघरात शिरायचे. मी शर्ट वर करून पडलेला, आणि आतून दहा मिनिटं नळाचा आवाज. मला ऑफिसला उशीर व्हायचा आणि मी चिडायचो. "काहून चिडून राहिले जी?" ते बाहेर येऊन हात वर धरत म्हणायचे. "सब्र रखिए." त्यांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, काहीही उगवलं नाही. मी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र स्कूटर काढली आणि प्रयोगशाळा गाठली. तिथली प्रमुख बाई एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. "ती प्लेट फेकू नको बेटा," एवढं सांगून ते रोज तिथे जाऊन बसू लागले. सहाव्या दिवशी भर दुपारी ते आमच्या दारात उभे, आणि हात न धुता त्यांनी मला मिठी मारली. "सापडला जी! रव्यासारखे बारीक दाणे!" हा जंतू क्षयाच्या जंतूचा दूरचा चुलतभाऊ निघाला. राहतो पाण्यात, जखमेत क्वचित शिरतो, आणि नेहमीच्या औषधांना भीक घालत नाही. वेगळ्या गोळ्या कितीतरी महिने घ्याव्या लागणार होत्या. मामांचा चेहरा मुलाचा पहिला नंबर आल्यासारखा फुलला होता.

"पण पाण्यातला हा माणूस तुमच्या पोटात गेला कसा?" त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते नर्सिंग होममध्ये गेले. डॉक्टरांनी आम्हाला ऑपरेशन थिएटरमधली हत्यारं साफ करणाऱ्या भैयाकडे पाठवलं. पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस. मामांना पाहताच तो पाया पडला. आपलं काम त्याने मोठ्या अभिमानाने दाखवलं. दुर्बिणीच्या नळ्या वापरून झाल्या की साफ करायच्या, जंतुनाशकात बुडवून ठेवायच्या, आणि बाहेर काढल्या की ते औषध पेशंटच्या पोटाला झोंबू नये म्हणून वॉशबेसिनच्या नळाखाली खळखळून धुवायच्या. तिथे पाणी यायचं गच्चीवरच्या टाकीतून. "ऐसे क्यों धोते हो?" मामांनी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. "आपने ही तो सिखाया था, सर. बहते पानी में, तीन बार."

शिकवलं होतं खरं. फार वर्षांपूर्वी, इस्पितळात नव्याने लागलेल्या पोरांना, काचेची भांडी धुण्यासाठी. त्यातला हा एक इथे आला आणि गुरूचा शब्द त्याने नळ्यांनाही लावला. मामांनी पुढे होऊन नळ बंद केला. मग खालच्या आवाजात त्याला आणि डॉक्टरांना सांगितलं, की नुसतं उकळलेलंसुद्धा चालणार नाही, पूर्ण निर्जंतुक केलेलं पाणीच हवं. डॉक्टरांनी ते त्याच दिवशी सुरू केलं. परतताना मामा म्हणाले, "म्याच केलं हे." मी रस्त्यातल्या औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं आणि नव्या गोळ्या घ्यायला उतरलो. 

त्यानंतर मामांनी एक नवंच वेड घेतलं. त्या काळात त्याच नळ्यांनी ऑपरेशन झालेल्यांची नावं त्यांनी डॉक्टरांकडून मिळवली आणि स्कूटरवरून एकेकाचं घर गाठायला सुरुवात केली. दारात उभं राहून विचारायचं, "टाँका भर गया?" आणि नसेल भरला तर कोणत्या औषधाने भरेल ते सांगून हात जोडायचे, "गलती मेरी है." पण ऐकतो कोण! जबलपूरजवळच्या पाटणच्या एका व्यापाऱ्याची जखम अशीच वाहत होती. रोग ओळखला म्हणून त्याने मामांना शाल आणि नारळ दिला, शेजाऱ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. शहपुऱ्याच्या एका आजीने पोटभर जेवू घातलं आणि जाता जाता म्हशीचं गळू दाखवलं. मामा परत यायचे ते दर वेळी आणखी खचून. ती शाल त्यांनी आमच्याच घरी ठेवून दिली, आपल्या घरी नेली नाही.

दहाव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी पट्टी काढली आणि बराच वेळ बघत राहिले. जखम कोरडी होती. त्यांनी कडेने दाबून पाहिलं. "भरली," ते म्हणाले. "सुटले तुमी जावईबापू." पण ते उठले नाहीत. जुनी पट्टी गुंडाळत म्हणाले, "तुमी मले काईच बोलले नाई, नळाचं समजलं त्या दिवसापासून."

जाऊ द्या हो मामा, असं मी म्हणणार होतो. जिभेवर आलंही होतं. पण दहा महिन्यांचा शीण एकदम वर आला. "दहा महिने, मामा!" मी ओरडलो. "दहा महिने मी पोरीला उचलून घेतलं नाही. ती आता माझ्याकडे येतसुद्धा नाही. राग आहे मला. सगळ्यांचा आहे, तुमचाही आहे!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली.

मामांनी चष्मा काढला. "अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की मलाच घाबरायला झालं. "बरं झालं जी. सगळे पाया पडून राहिले होते माझ्या. एकही रागावला नाई." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरला. राग होता तसाच होता, आणि हातही सोडवत नव्हता. दोघंही दमलेले, तसेच बसून राहिलो.

आता ते सकाळचे येत नाहीत, यायचं कारण उरलं नाही. मुलगी हळूहळू जवळ यायला लागली आहे. मामांचा राग मला अजून येतो, पण दर महिन्याला थोडा कमी येतो. जगात हा राग त्यांना माझ्याशिवाय कोणी दिला नाही, म्हणून तो संपत आला की मला उगीच वाईट वाटतं.